कॅम्पर चढवला की पिकअप मागून बसते : एअरबॅग, जादा पाटे, स्वे बार की आणखी काही?

रानवाट

नमस्कार मंडळी. माझी थ्री-क्वार्टर-टन पिकअप आहे (जड कामाच्या अमेरिकी पिकअपचा एक वर्ग). आठ फुटी हौदा, मागे पाट्यांची स्प्रिंग, दोन्ही बाजूंना एकेकच चाक. हौद्यात बसणारा कडक भिंतींचा कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची छोटी खोली, घेतला आहे. तो कायम वर नसतो. सहलीपुरता चढवतो, परत आलो की त्याच्याच पायांवर उभा करून गाडी खालून काढून घेतो. एरवी गाडी रोजच्या कामाला रिकामीच धावते.

कॅम्पर वर असला की तीन गोष्टी जाणवतात. मागची बाजू आठेक सेंटिमीटर बसते, त्यामुळे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. वळणावर किंवा मोठा ट्रक शेजारून गेला की गाडी डावी-उजवीकडे डुलते. आणि पुलांच्या सांध्यांवरून गेलं की पुढे-मागे हिंदकळत राहते, लवकर थांबत नाही.

वाचायला बसलो तर एअरबॅग (ॲक्सल आणि चॅसीच्या मधे बसणारी हवेची उशी), टिम्ब्रेन, सुमोस्प्रिंग, स्टेबललोड, जादा पाटा, स्वे बार (डुलणं रोखणारा आडवा दांडा), नवे शॉक अशी यादी वाढतच गेली. ज्याने जे बसवलं आहे तो तेच सांगतो. हे सगळं एकदम बसवायचं नाही. सुरुवात कुठून करावी, आणि का, हे कुणी नीट सांगेल का? मागच्या टायरमध्ये सध्या ६५ पीएसआय हवा आहे, कारण ८० ला रिकामी गाडी आपटते.

हवापालट

एअरबॅग बसवा, गाडी सरळ होईल. विषय संपला.

पाटेवाला

विषय सुरूही झालेला नाही.

रानवाट, गाडी काट्यावर नेली आहे का? पाणी भरून, गॅस भरून, सामान आणि माणसं बसवून? नसेल तर एकही पार्ट मागवू नका. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि पूर्ण गाडी असे तीन आकडे घ्या. मग ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा. त्यावर गाडीची एकूण मर्यादा आणि प्रत्येक ॲक्सलची मर्यादा वेगवेगळी दिलेली असते. हे सहा आकडे इथे टाका, मग बोलू.

कॅम्परच्या माहितीपत्रकातल्या वजनावर विसंबू नका. ते बहुधा कोरडं वजन असतं. त्यात पाणी नसतं, बॅटऱ्या नसतात, बरेचदा एसी आणि बाहेरचं कापडी छतही नसतं. भांडीकुंडी, कपडे, खुर्च्या तर नसतातच.

वजनदार

पाटेवाल्यांना +१. पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दीडशे लिटरची टाकी भरताना आठवत नाही.

सडाफटिंग

पाणी वाचवायचा सोपा उपाय म्हणजे सोबतच्या मित्रांना घरी ठेवणे. त्यांचं वजनही वाचतं.

टायरताई

रानवाट, तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलं आहे. ६५ पीएसआय. डुलण्याचा मोठा हिस्सा तिथेच असण्याची शक्यता आहे. उंच आणि जड ओझं वर असलं की पाटे वाकण्याच्या आधी टायरची बाजूची भिंत वाकते. हवा कमी असेल तर जास्तच. तुम्ही खाली कितीही लोखंड वाढवा, त्याच्याखाली मऊ टायर असेल तर गाडी त्या टायरवर डुलणारच.

टायरच्या भिंतीवर मापानंतर एक अंक असतो, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. १२१ म्हणजे एका टायरला १४५० किलो, १२५ म्हणजे १६५०, १२६ म्हणजे १७००. तिथे १२१/११८ असे दोन अंक असतील तर पहिला एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकांचा. आणि ही क्षमता टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाला असते. लोड रेंज ई (टायरच्या मजबुतीचा एक वर्ग) च्या बहुतेक टायरना तो ८० पीएसआय असतो. ६५ ला तेवढी क्षमता मिळत नाही. टायर कंपनीचा दाब आणि वजनाचा तक्ता मिळतो, तो बघा. तुमचं माप आणि लोड इंडेक्स सांगाल?

आणखी एक. रिममधला व्हॉल्व्ह साध्या रबराचा, नुसता दाबून बसवलेला असेल तर तोही बघा. साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात. ८० भरायचे तर उच्च दाबाचे किंवा धातूचे, नटाने आवळलेले हवेत. रिमलाही स्वतःची वजनाची मर्यादा असते. दिसायला छान म्हणून बदललेल्या रिम्समध्ये ती कमी निघू शकते.

रानवाट

टायर १७ इंची, लोड इंडेक्स १२१/११८. रिम मूळचेच, व्हॉल्व्ह धातूचे आहेत. काट्यावर या शनिवारी जातो.

हवापालट

टायर, काटा सगळं मान्य. पण मी एअरबॅगबद्दल उगाच बोललो नाही. माझ्याकडे एअर लिफ्ट कंपनीच्या लोडलिफ्टर ५००० एअरबॅग आहेत, कित्येक वर्षं. रानवाटांचा कॅम्पर चढ-उतार होतो. अशा वापराला हवेसारखं दुसरं काही नाही. कॅम्पर वर असला की हवा भरा, उतरवला की सोडा. रिकामी गाडी पहिल्यासारखी मऊ चालते. शिवाय कॅम्परखाली गाडी घालताना हवा कमी-जास्त करून उंची जुळवता येते, तेवढे पाय कमी फिरवावे लागतात. डाव्या बाजूला फ्रीज आणि बॅटरी असल्याने गाडी एका अंगाला कलत असेल तर त्या बाजूला थोडी जास्त हवा.

एअरबॅग भरली की वजन पुढच्या चाकांवर परत जातं आणि स्टीअरिंगही सुधारतं, असा माझा अनुभव आहे.

पाटेवाला

सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून. मागची बाजू उचलल्याने वजन पुढे जात नाही. ॲक्सलवर किती वजन येणार हे ओझं ॲक्सलच्या पुढे आहे की मागे यावर ठरतं. त्याच्या खाली पाटा आहे, हवा आहे की रबर, याने फरक पडत नाही.

गणित करूनच बघा. गाडी ४७०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून सव्वा मीटर उंच, दोन ॲक्सलमधलं अंतर चार मीटर. मागची बाजू आठ सेंटिमीटर उचलली तर गुरुत्वमध्य अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो. पुढच्या ॲक्सलवर वाढ होते फार तर तीस किलो. ४७०० मध्ये तीस. आता याच्याशी तुलना करा: मागच्या बंपरजवळच्या खोक्यातलं शंभर किलो सामान केबिनमध्ये नेलं तर पुढच्या ॲक्सलवर ऐंशी किलोच्या आसपास वाढतात. ज्याला पुढची चाकं जड हवी आहेत त्याने सामान हलवावं.

हवापालट

पण फरक जाणवतो हे खरं आहे.

पाटेवाला

जाणवत असणार, नाकारत नाही. नाक खाली आलं की पुढच्या चाकांचे कोन मूळच्या जागी येतात, हेडलाइट खाली येतात, मागे घट्टपणा येतो. या सगळ्यामुळे गाडी चांगलीच वाटते. माझा मुद्दा एवढाच की काट्यावरचा आकडा बदलत नाही. लोक "एअरबॅग ५००० पौंडांची आहे" असं वाचतात आणि गाडीची क्षमता तेवढी वाढली असं धरून चालतात. एअरबॅग बनवणारेच आपल्या सूचनापत्रात लिहितात की गाडीची मूळ मर्यादा ओलांडू नका. ॲक्सलची नळी, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक सगळं तेच राहतं. या धाग्यावर यादीत असलेला एकही पार्ट ब्रेकला मदत करत नाही.

निवांत

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात छापून ठेवावं असं आहे.

कडेकपारी

एअरबॅगची दुसरी बाजूही मांडतो. ऑस्ट्रेलियात डबल-कॅब युटींच्या (दोन ओळींच्या केबिनच्या छोट्या पिकअपच्या) चॅसी वाकल्याच्या घटना बऱ्याच झाल्या आहेत. मागे लांब लोंबणारं ओझं, शिवाय मागच्या हुकवर येणारा ट्रेलरचा भार आणि पाट्यांसोबत एअरबॅग, असं मिश्रण त्यात वारंवार दिसतं. कारण समजून घेण्यासारखं आहे. पाटा चॅसीला दोन ठिकाणी धरलेला असतो, ॲक्सलच्या पुढे आणि मागे, म्हणून भार दोन टोकांना वाटला जातो. एअरबॅग मात्र बरोबर ॲक्सलच्या वर एकाच जागी चॅसीला ढकलते. ओझं ॲक्सलच्या खूप मागे असेल आणि गाडी खड्ड्यात आदळली तर चॅसी त्या जागेवरून खाली मोडल्यासारखी वाकते.

याचा अर्थ एअरबॅग वाईट असा नाही. कॅम्परचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या पुढे असेल, एकूण वजन मर्यादेत असेल आणि बंपरच्या मागे जड काही टांगलेलं नसेल तर चांगल्या जाड चॅसीच्या पिकअपला धोका फार कमी. पण छोट्या डबल-कॅबवर जड कॅम्पर चढवून एअरबॅगने "सरळ" करणाऱ्याने दोनदा विचार करावा. गाडी बसत होती म्हणजे ती काहीतरी सांगत होती.

चौथागिअर

छोट्या हौद्यांचा हाच घोळ आहे. हौदा आखूड झाला की कॅम्परचं वजन ॲक्सलच्या मागे सरकतं. कॅम्परवर गुरुत्वमध्याची खूण असते, बाजूला चिकटवलेली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पिकअपच्या कागदपत्रांत तो मध्य हौद्यात कुठे ते कुठे चालेल याची आकृतीही असते. ती फार कमी लोक उघडून बघतात. रानवाट, तुमची खूण कुठे येते?

रानवाट

खूण ॲक्सलच्या किंचित पुढे येते, वीतभर असेल. आकृतीतल्या पट्ट्यात बसते, म्हणजे त्या बाबतीत निश्चिंत.

कॉइलकर

मधेच घुसतो, माफ करा. माझी २०१९ ची रॅम २५०० आहे, मागे पाटे नाहीत, कॉइल (वळ्यांच्या स्प्रिंग) आहेत. वरची अर्धी यादी मला लागूच होत नाही असं दिसतंय. कॉइलवाल्यांनी काय करायचं?

पाटेवाला

रॅमने २०१४ पासून २५०० ला मागे कॉइल दिल्या, ३५०० ला पाटे ठेवले. त्यामुळे स्टेबललोड, जादा पाटा हे तुमच्यासाठी नाही. कॉइलच्या गाडीला एअरबॅग, किंवा बंपस्टॉपच्या (चॅसी ॲक्सलवर आदळू नये म्हणून असलेल्या ठोकळ्याच्या) जागी बसणारे टिम्ब्रेन नाहीतर सुमोस्प्रिंग, असे पर्याय उरतात. तुमच्या मॉडेलसाठीचाच संच घ्या. पण कॉइलची गाडी मुळात ओढण्यासाठी आणि मऊ चालीसाठी जास्त सोयीची. जड कडक भिंतींचा कॅम्पर घ्यायचा असेल तर आधी दाराच्या स्टिकरवरचा पेलोड, म्हणजे गाडी किती ओझं वाहू शकते तो आकडा, वाचा. तो किती कमी आहे हे पाहून बरेच जण चकित होतात. पॉप-अप (छत वर उचलून उघडायचा) कॅम्पर असेल तर तुमची गाडी छान आहे. तो हलकाही असतो आणि धावताना बुटकाही.

कॉइलकर

पॉप-अपच आहे. धन्यवाद, जीव भांड्यात पडला.

कडेकपारी

टिम्ब्रेन आणि सुमोस्प्रिंग यांना लोक एकच समजतात, म्हणून जरा खुलासा. टिम्ब्रेन पोकळ रबराचे असतात, सुमोस्प्रिंग बारीक छिद्रांच्या पॉलियुरेथेन फोमचे. दोन्हींत हवा भरायची नाही, नळी नाही, गळती नाही. मूळ बंपस्टॉप काढून तिथे बसतात. दबले की हळूहळू कडक होत जातात. बसवायला सोपे आणि विसरून जाता येण्यासारखे. तोटा असा की उंची हवी तशी जुळवता येत नाही. तुमच्या वजनाला जितकं उचललं जाईल तितकंच.

मी कच्च्या रस्त्यांवर जास्त फिरतो, तिथे मला हेच बरे वाटतात. एअरबॅग वर चॅसीला आणि खाली ॲक्सलला पक्की जोडलेली असते. एक चाक खोल खड्ड्यात लोंबलं की ती पूर्ण ताणली जाते. त्यासाठी क्रेडल मिळतात, ज्यात एअरबॅगचं खालचं टोक ॲक्सलपासून सुटून परत बसू शकतं. कच्च्या रस्त्यावर एअरबॅग वापरणाऱ्यांनी ते जरूर बघावेत.

रानवाट

काट्यावर जाऊन आलो. पाण्याची टाकी भरलेली, दीडशे लिटर. दोघं जण, डिझेल फुल.

पुढचा ॲक्सल १८९० किलो
मागचा ॲक्सल २७९० किलो
एकूण ४६८०

स्टिकरवर एकूण मर्यादा ४५३६ किलो आणि मागच्या ॲक्सलची २८१२. कॅम्पर नसताना मागचा ॲक्सल १२५० होता.

टायरताई

आता चित्र स्पष्ट झालं. एका मागच्या टायरवर सुमारे १३९५ किलो येतात, टायरची क्षमता ८० पीएसआयला १४५०. म्हणजे ८० भरूनही हातात एका बाजूला फक्त पंचावन्न किलो उरतात. आणि ६५ ला तुम्ही टायरच्या क्षमतेच्या बाहेर आहात, हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे. उन्हात, वेगात, जास्त भाराखाली टायर तापतो आणि कॅम्पर वर असताना मागचा टायर फुटणं म्हणजे साधी गोष्ट नाही. कॅम्पर चढवण्याआधी ८०, उतरवल्यावर पुन्हा कमी. थंड टायरला मोजायचं, गाडी चालवून आल्यावर नाही. पुढच्या वेळी टायर बदलताना १२५ किंवा १२६ चा टायर तुमच्या रिमला बसतो का ते बघा.

वजनदार

एकूण मर्यादेच्या १४४ किलो वर. सध्या एअरबॅग नको, आधी टाकी रिकामी करा. मुक्कामाला पोचल्यावर पाणी भरता येत असेल तर वाटेत चाळीस लिटर पुरतात.

सडाफटिंग

मी आधीच म्हटलं होतं, मित्रांना घरी ठेवा. पण इथे दोघंच आहेत म्हणता, तेव्हा दुसऱ्या व्यक्तीचं नाव मी घेत नाही.

रानवाट

ती दुसरी व्यक्ती हा धागा वाचते आहे. गाडी ती चालवते, घरी राहायचा क्रमांक माझा आहे.

पाटेवाला

वजनाचं झालं. आता मूळ प्रश्नाकडे. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये तीन तक्रारी वेगळ्या करून लिहिल्या होत्या, ते फार चांगलं केलंत. कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. बसणाऱ्या गाडीला शॉक घालतात, हिंदकळणाऱ्या गाडीला एअरबॅग घालतात, आणि मग म्हणतात काही उपयोग नाही.

गाडी बसते, हे स्प्रिंगचं काम. तिथे हवा, रबर किंवा लोखंड यांतलं एक हवं. शॉक वजन उचलत नाही, स्वे बारही नाही.

पुढे-मागे हिंदकळते आणि लवकर थांबत नाही, हे शॉकचं काम. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते, शॉक ती जिरवतो. मूळचे शॉक बहुतेक वेळा हलक्या भाराच्या आरामासाठी जुळवलेले असतात. आणि हे लक्षात ठेवा: एअरबॅग घालून स्प्रिंग कडक केलीत आणि शॉक जुनेच ठेवलेत तर हिंदकळणं वाढू शकतं. तुमच्यासारख्या चढ-उतार करणाऱ्याला फिरवून कडकपणा बदलता येणारे शॉक सोयीचे. रँचोच्या आरएस९०००एक्सएलला नऊ पायऱ्यांची खुंटी असते. कॅम्पर वर असला की वरच्या पायरीवर, रिकामी असली की खाली. बिलस्टीन ५१०० ही चांगले आहेत, पण त्यांत ही खुंटी नाही.

डावी-उजवीकडे डुलते, त्याला आधी टायरची हवा, मग कॅम्पर हौद्यात नीट आवळलेला आहे का, मग स्टेबललोड किंवा स्वे बार.

चौथागिअर

आवळण्याचा मुद्दा मी सविस्तर मांडणारच होतो. कॅम्पर हौद्यात स्वतंत्रपणे हलत असेल तर ते आतून हुबेहूब सस्पेंशनच्या डुलण्यासारखं वाटतं. एकाने गाडी बाजूने ढकलायची आणि दुसऱ्याने मागे उभं राहून हौद्याची कड आणि कॅम्पर यांच्यातली फट बघायची. फट कमी-जास्त होत असेल तर आधी ते सोडवा. हौद्याच्या तळाला जाड रबरी मॅट हवीच, गुळगुळीत प्लास्टिकच्या अस्तरावर कॅम्पर सरकतो. साखळ्या किंवा टर्नबकल (फिरवून आवळायचे दांडे) हौद्याच्या पत्र्याला अडकवण्यापेक्षा चॅसीला बोल्ट केलेल्या कड्यांना अडकवलेले चांगले. फोर्डने २०१७ पासून सुपर ड्युटी पिकअपचा हौदा ॲल्युमिनियमचा केला आहे, तिथे तर मी पत्र्यावर अजिबात भरवसा ठेवणार नाही. स्प्रिंगवाले टर्नबकल घ्या, चॅसी पिळवटली तरी ताण टिकतो. आणि पहिल्या तासाभराने थांबून पुन्हा आवळायचं.

रानवाट

स्टेबललोडचं कुणी सांगेल का? एवढं कळलं की तो पाट्यांशी संबंधित आहे.

पाटेवाला

गाडीखाली वाकून बघा. पाट्यांच्या गड्डीच्या वर एक वेगळा जाड पाटा असेल, दोन्ही टोकं मोकळी. त्याच्या टोकांच्या वर चॅसीला ठोकळे असतील आणि मधे फट. तो मदतीचा पाटा. रिकाम्या गाडीत तो काहीच करत नाही. गाडी बसत बसत ती फट मिटली की मगच तो भार घ्यायला लागतो. तोपर्यंत सगळं ओझं मऊ पाट्यांवर डोलत असतं. टॉर्कलिफ्ट कंपनीचा वरचा स्टेबललोड म्हणजे त्या फटीत भरायचा ठोकळा. फट भरली की तुमच्याच गाडीचा जाड पाटा सुरुवातीपासून कामाला लागतो. बसणं थोडं कमी होतं, डुलणं बरंच कमी होतं.

मला हा उपाय आवडतो कारण त्यात नवीन काही उचलायला लागत नाही, कंपनीने दिलेलीच स्प्रिंग आधी जागी होते. ज्या गाड्यांना वरचा मदतीचा पाटा नाही त्यांना हे नाही. काहींमध्ये तो सपाट जाड पाटा गड्डीच्या तळाशी असतो, त्यासाठी खालचे स्टेबललोड वेगळे मिळतात.

निवांत

आणि सरळ पाटाच वाढवला तर? माझ्या काकांच्या ट्रकवर आम्ही तेच करायचो.

पाटेवाला

कॅम्पर बाराही महिने वर ठेवणाऱ्याला माझा पहिला सल्ला तोच असेल. चांगल्या कारागिराकडून वजनाचे आकडे देऊन गड्डी बांधून घ्या, ना हवा तपासायची ना रबर. पण रिकामी गाडी मग दगडासारखी चालते आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक उड्या मारतं. रानवाटांचं वर्षातलं बहुतेक धावणं रिकामं आहे, म्हणून त्यांना नको. कुणी करणारच असेल तर यू-बोल्ट नवेच घालायचे, जुने परत वापरायचे नाहीत, आणि काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क लावून पुन्हा तपासायचे.

कडेकपारी

स्वे बारबद्दल माझं थोडं वेगळं मत. डांबरी रस्त्यावर हेलविग कंपनीचा बिग विग बार मागे घातला की डुलणं जादूसारखं कमी होतं, हे खरं. पण तो दोन चाकांना एकमेकांशी बांधतो. कच्च्या रस्त्यावर एका चाकाला धक्का बसला की तो दुसऱ्या बाजूलाही जातो आणि वरचा कॅम्पर झटक्याने मान हलवल्यासारखा हलतो. कपाटं उघडतात. मी तसल्या रस्त्यावर बारची एक लिंक (टोकाची जोडदांडी) सोडून ठेवतो.

हवापालट

रानवाट मुख्यतः डांबरी रस्त्यावर असतील तर बार घ्यावाच, यात मी पाटेवाल्यांच्या बाजूने आहे. एअरबॅग घेणाऱ्यांसाठी मात्र काही गोष्टी, कारण बसवणारे त्या नीट सांगत नाहीत.

दोन्ही एअरबॅगना स्वतंत्र नळ्या द्या. एका टी-जोडावरून दोन्हींना हवा दिली तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि डुलणं उलट वाढतं. कॅम्पर नसतानाही थोडी हवा ठेवायचीच, ५ पीएसआयच्या खाली नाही, नाहीतर रबर घडी पडून चिमटतं. बऱ्याच संचांत मूळ बंपस्टॉप काढावा लागतो, म्हणून हवा गेली तर गाडी कशावर टेकणार हे आधी विचारा. काहींमध्ये एअरबॅगच्या आतच बंपस्टॉप असतो, लोडलिफ्टर ५००० अल्टिमेटमध्ये आहे. सायलेन्सरची नळी जवळून जात असेल तर उष्णतेचा पत्रा लावायचा, आणि नळी टायरला किंवा ब्रेकच्या पाइपला घासत नाही ना ते पूर्ण वळण घेऊन बघायचं. साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासायचा. हे केलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही.

टायरताई

हवापालट, पहिल्या पोस्टमध्ये हेच लिहिलं असतं तर निम्मा धागा वाचला असता!

हवापालट

मग बाकीच्यांचं ऐकायला मिळालं नसतं.

रानवाट

बऱ्याच दिवसांनी परत आलो, कारण सांगण्यासारखं काही झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी वजन. पाण्याची टाकी चाळीस लिटरवर ठेवली आणि मागच्या खोक्यातलं लोखंडी सामान, जादा गॅसची टाकी, दोन खुर्च्या काढल्या. काट्यावर पुढे १८६०, मागे २६५०, एकूण ४५१०. मर्यादेच्या आत, थोडंसंच, पण आत.

मागच्या टायरना ८० पीएसआय भरलं. टायरताई, तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं निघालं, डुलणं लगेच कमी झालं. मग चौथागिअर यांची ढकलून बघायची चाचणी केली. पुढच्या डाव्या कड्यापाशी फट उघडत होती. मॅट घातली, स्प्रिंगवाले टर्नबकल लावले. वाऱ्याचा झोत आला की आतून जो धप्प आवाज यायचा तो गेला.

गाडीला वरचा मदतीचा पाटा आहे, फट दोन बोटांपेक्षा मोठी होती. वरचे स्टेबललोड बसवले. कॅम्पर चढवल्यावर आता गाडी साडेपाच सेंटिमीटर बसते. नाक अजून किंचित वर आहे, पण हेडलाइट स्क्रूने खाली घेतले आणि समोरून दिवे मारणं थांबलं. शॉक रँचोचे घातले, सातव्या पायरीवर पुलांचे सांधे एका हिंदोळ्यात संपतात.

सध्या एअरबॅग घेत नाही. आमचा वापर मुख्यतः डांबरी, म्हणून उरलेल्या डुलण्यासाठी मागचा स्वे बार मागवला आहे. एक शंका: बारच्या टोकाला लिंक लावायला एकापेक्षा जास्त भोकं आहेत. कुठलं वापरायचं?

पाटेवाला

उत्तम क्रम झाला. ॲक्सलच्या जवळचं भोक म्हणजे बारचा हात आखूड, म्हणजे जास्त कडक. टोकाकडचं भोक मऊ. आधी मऊ भोकात लावा आणि काही दिवस चालवा. पुढच्या बारच्या मानाने मागचा फार कडक केला तर ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटायला बघते. आणि लिंकचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, कॅम्पर वर असताना आवळा, जॅकवर टांगलेली असताना नाही. चाकांवर उभी असताना आवळले तर बुश (जोडांतली मऊ अस्तरं) पिळवटत नाहीत.

कडेकपारी

बुशांना संचासोबत आलेलं ग्रीसच लावा. ते नसेल तर रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस, नाहीतर प्रत्येक गतिरोधकावर कुरकुर ऐकत बसाल.

रानवाट

मऊ भोक, चाकांवर उभी करून. लिहून घेतलं. बार आला की बसवतो.